आद्येचं बारसं

फाल्गुनातलं ऊन तांबणी नदीच्या पात्रात एकदम उतरत नाही. ते आधी कड्याच्या माथ्यावर बसतं, मग पिवळ्या मातीच्या थरावरून घसरतं, मग राखी मातीच्या थरावरून, आणि सकाळ सरता सरता कड्याच्या कमरेशी येतं. तिथे गोटे आणि वाळू एकमेकांत रुतून केव्हाच दगड झाली आहेत. ऊन वीतभर खाली सरकतं आणि हजारो वर्षं मागे जातं. त्याला त्याचं काही वाटत नाही.

खाली नदी. फाल्गुनात ती इतकी बारीक होते की तिला नदी म्हणताना जीभ अडखळावी. शेवाळलेली, मंदगामिनी, तळाचे गोटे मोजून दाखवणारी. अशा वेळी ती फार निष्पाप दिसते. तिने आजवर काय काय गिळलं, त्याची एक रेघसुद्धा तिच्या चेहऱ्यावर नसते.

कड्याच्या कमरेला एक रुंद पायरी आहे. पायरीवर हातभर माती, मातीखाली तो दगड झालेला गोट्यांचा थर. पायरीच्या एका टोकाला शिंदीची सहा झाडं. वर कड्यापलीकडे उंबरदरी गाव.

उंबरदरीत दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत. या पायरीवर, शिंदीच्या मुळाशी, पुरतात. बाप्ये जातात, खड्डा करतात, फडक्यात गुंडाळलेलं ते इवलंसं ओझं ठेवतात आणि वर ओंजळभर खडेमीठ टाकतात. मीठ असलं की कोल्हं उकरत नाही, असं बाया सांगतात. मीठ असलं की लेकरू उठून घराची वाट धरत नाही, असंही सांगतात. पण ते हळू, चुलीकडे तोंड करून. आईनं तिथे जायचं नसतं. आईनं फक्त मीठ द्यायचं असतं.

त्याच पायरीवर, शिंदीपासून वीस पावलं अलीकडे, आठ हिवाळे अच्युत धारपांचा खड्डा उघडत होता.

धारप साहेब पुण्याचे. वय बासष्ट. अंगाने काटकुळे, बोलण्यात मऊ, विद्यापीठातून निवृत्त. तांबणीच्या काठी आदिमानव राहत होता हे त्यांनी तरुणपणी म्हटलं, आणि म्हातारपणापर्यंत म्हणत राहिले. पुरावा म्हणून त्यांच्याकडे दगडी कुऱ्हाडी होत्या. बदामाच्या आकाराच्या, दोन्ही अंगांनी घडवलेल्या, हातात धरल्या की तळव्याला ओळख देणाऱ्या. तीनशे कुऱ्हाडी. पण परिषदांमधून लोक हसून विचारत, हत्यारं सापडली, हात कुठाय? तो हात, ते हाड, त्या कपाळाचा एवढासा तुकडा त्यांना सापडला नव्हता. यंदाचा हंगाम शेवटचा होता. परवान्यावरची तारीख त्यांच्या उशाशी घड्याळासारखी टिकटिकत असे.

आणि त्यांच्या चाळणीवर हौसा होती.

हौसा उंबरदरीची. तिशीतली, सावळी, लांब मानेची, कमी बोलणारी. खड्ड्यातून निघालेली माती तिच्या चाळणीत पडे, ती हलवी, खडे उरत, ती खड्यांतून बोटं फिरवी. दगड कुठला आणि हाड कुठलं, हे डोळ्यांना नेहमीच कळत नाही. मग ते जिभेला लावायचं. दगड गुळगुळीत निघून येतो. जुनं हाड आतून सच्छिद्र झालेलं असतं, तहानलेलं असतं. ते जिभेवरचा ओलावा शोषतं आणि चिकटून बसतं. हे तिला साहेबांनीच शिकवलं होतं. पण साहेबांची जीभ औषधांनी बधिर झाली होती. त्यांना ना चव कळे, ना चिकटणं. म्हणून आठ वर्षं ते हौसाच्या जिभेने पाहत होते. रानगव्याची हाडं, हरणाची हाडं, कुठल्या काळातल्या हत्तीच्या दाताचं कवच. आठ वर्षं ती तांबणीचा भूतकाळ चाटत होती.

"हौसाक्का, कशी लागतीय गं आज माती?" चाळणीवरची पारू रोज विचारायची. "तिखट का गोड?"

"तुझ्या सासूवानी," हौसा म्हणायची. "चव न्हाई, नुसती दाताखाली येती."

बाया हसायच्या. धूळ हसायची. ऊन वीतभर खाली सरकायचं.

हौसाला एक मुलगी झाली होती. नऊ वर्षांपूर्वी. नवरा ऊसतोडीला गेला होता. तो आला की बारसं करू असं ठरलं, म्हणून तीन महिने पोरीला नाव नव्हतं. नुसती बाळी. बाळीच्या मनगटाला हौसाने काळे मणी ओवले, एक मणी कमी पडला, तेव्हा आपल्या आईच्या माळेतला तांबड्या काचेचा एक टवका उडालेला मणी घातला. काळ्यात एक तांबडा. झोळीत ते मनगट हललं की विस्तवाचा कण फुंकल्यासारखं दिसे.

बाळी भादव्यातल्या एका झडीत तापाने गेली. दीर घेऊन गेला. हौसाने पदराच्या गाठीतलं मीठ ओंजळीने मोजून दिलं आणि उंबऱ्याच्या आत थांबली. तिसऱ्या दिवशी ती कामाला गेली. पुढच्या पावसाळ्यात दीरही वारला. शिंदीच्या सहा झाडांपैकी कुठल्या झाडाखाली, हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. चाळणी हलवताना ती अधूनमधून त्या सहा झाडांकडे पाही, सहाही झाडांकडे सारखंच पाही, कुणावर अन्याय नको म्हणून.

पण बाळीला नेलं त्या दिवशी पाऊस फार होता. माती निसरडी होती. शिंदीपर्यंत वीस पावलं राहिली होती. दीर तिथेच थांबला होता.

यंदाच्या फाल्गुनात एका सकाळी हौसाच्या चाळणीत तांबडा मणी आला.

चाळणी थांबली. धूळ हवेत लोंबकळत राहिली. मणी खड्यांमध्ये बसला होता, टवका उडालेली बाजू वर करून, आणि फाल्गुनाचं ऊन त्याच्यातून जाऊन चाळणीच्या जाळीवर एक इवला लाल ठिपका पाडत होतं. हौसाने तो उचलला. मूठ मिटली. मुठीच्या आत तो कोळशासारखा जागा राहिला.

नेमक्या त्याच क्षणी खड्ड्यातून साहेबांचा आवाज आला. आठ वर्षांत असा आवाज तिने ऐकला नव्हता. म्हाताऱ्याच्या छातीतून पोराने हाक मारावी तसा.

"हौसा! इकडे ये. धावत ये."

ती उतरली. खड्ड्याच्या भिंतीत, गोट्यांच्या थराच्या तोंडाशी, साहेबांच्या कुंचल्याखाली एक जबडा उघडा पडला होता. नखाएवढ्या रुंदीचा. भाताच्या लोंबीसारखा वाकलेला. दात नव्हते, आत, हाडाच्या कुपीत, दातांचे कोंब तेवढे मोत्यासारखे झोपले होते. आणि त्या जबड्याला हनुवटी नव्हती. पुढचं हाड सरळ मागे ढळलेलं.

"हनुवटी नाही, बघ," धारप पुटपुटत होते. "नाही हनुवटी. माणूस व्हायच्या आधीचा माणूस. लेकरू आहे, हौसा. लेकरू."

तीन-चार महिन्यांच्या कुठल्याही बाळाला हनुवटी फुटायची असते. हे धारपांना माहीत होतं. विद्यार्थ्यांना त्यांनी ते तीस वर्षं शिकवलं होतं. पण सुख आलं की विद्या दाराबाहेर चपला काढून उभी राहते.

दुसरं एकही हाड उरलं नव्हतं, कोवळं हाड ओलीत विरून जातं. जबड्याभोवतालची माती काळसर होती, मऊ होती, वरून खाली उतरलेल्या एका पट्ट्यासारखी. कुणी खड्डा केला तर माती अशी दिसते. हेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी जबडा दोन बोटांनी उचलला आणि हौसाच्या ओठांशी धरला. घास भरवावा तसा.

हौसाने जीभ लावली.

जबडा चिकटला. आणि मग, हळूहळू, जिभेच्या टोकावरून दोन्ही कडांना, कडांवरून घशाकडे, एक चव पसरत गेली. तिच्या स्वतःच्या पदराची चव. तिने स्वतः मोजून दिलेल्या ओंजळीची चव.

"चिकटतं का?"

"साहेब, खारट लागतंय."

"नदीची माती आहे. खार असणारच."

"हितल्या मातीला खार न्हाई. आठ वरसं चाटतीय मी."

"हौसा," साहेब म्हणाले, "चिकटतं की नाही, तेवढं सांग."

"चिकटतं."

"झालं तर मग."

तिने मूठ उघडली. तळव्यावर तांबडा मणी होता. धारपांनी तो पाहिला. क्षणभर, पापणी लवायला लागतो तेवढाच क्षण, त्यांच्या चेहऱ्यावरचं ऊन विझलं. मग त्यांनी मणी उचलला, म्हणाले, "उंदरांची बिळं असतात, वरचं खाली येतं, लक्ष द्यायचं नसतं," आणि तो खांद्यावरून मागे टाकला. मणी गोट्यांवर दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला नाही. खाली नदी होती.

"माझी हाय ती, साहेब," हौसा म्हणाली.

धारप हसले, मायेने हसले, आणि तेच फार वाईट होतं. "अगं, ही दोन लाख वर्षांपूर्वीची आहे. तुझी एकटीची कशी असेल? सगळ्यांचीच आहे ती."

खड्ड्याच्या काठावर गेनबा मुकादम उभा होता. "आरं तिच्या! आता मजूर शिकीवणार का साहेबाला? हौसे, वर ये. चाळणी रिकामी पडलीय."

वर आली तेव्हा बायांना सगळं कळलं होतं. पारूने पदर तोंडाला लावला. "हौसाक्का, खरंच का गं? तुझं लेकरू माकडाच्या कुळातलं निघालं म्हणं. मग दाजी कुठल्या झाडावर असत्यात?"

बाया हसल्या. वाईट बाया नव्हत्या त्या. उन्हात बसलेल्या माणसाला हसू लागतं, जसं पाणी लागतं. हौसाने चाळणी उचलली आणि हलवू लागली. खडे नाचले. खडे थांबले. खडे नाचले.

पाच दिवसांनी वर्तमानपत्राची माणसं आली. काळ्या मखमलीवर तो जबडा ठेवला होता. काळ्या आकाशात बीजेची कोर ठेवावी तसा. धारपांनी कोट घातला होता. त्यांनी सांगितलं की ही मुलगी आहे असं आपण समजतो, कारण नदीही मुलगीच असते. आणि तिचं नाव आपण ठेवलं आहे, आद्या.

नाव ठेवणार हे गेनबाला आदल्या दिवशीच कळलं होतं. त्याने घरून हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवून आणल्या. बारशाला वाटतात तशाच, हळद-मीठ घातलेल्या, वाफाळत्या. पत्र्याच्या घमेल्यातून त्या वाटल्या गेल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आत्या कोण गं? कानात कुर्र कोण करणार?" पारू ओरडली.

"साहेबच करत्याल की!"

"त्यास्नी कान कुठं घावलाय अजून? नुसतंच जबडं घावलंय!"

हसण्याचा एक लोट उठला आणि कड्यावर आपटून परत आला. हौसाच्या ओंजळीत गेनबाने घुगऱ्या टाकल्या. जास्तच टाकल्या, ती जुनी मजूर होती.

नऊ वर्षं तिने या दिवसाचा विचार केला होता. पाळणा कुठून उसना आणायचा, खण कुणाला द्यायचा, नाव काय ठेवायचं. एक नाव तिने मनात ठेवलं होतं आणि ते कुणालाच, नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं. आता पोरीचं बारसं झालं होतं. गर्दी होती. कोट होता. टाळ्या होत्या. नाव दुसरंच होतं.

घुगऱ्या हातात निवत गेल्या. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिने एक दाणा तोंडात टाकला, मग दुसरा, मग ओंजळ ओठांशी नेली आणि सगळ्या खाल्ल्या. भूक दुःखाहून वयाने मोठी आहे.

ती किती मोठी आहे, हे पायरीच्या पोटात लिहिलेलं आहे.

कारण जिथे जबडा सापडला तिथून वीतभर खाली, त्याच थरात, गोट्यांच्या दाट मिठीत, दुसरं एक लेकरू होतं. त्याच्यावर दोन लाख पावसाळे गेले होते. तांबणी तेव्हा इथून वाहायची, रुंद, मत्त, गजगामिनी. काठाच्या गवतात माणसासारखे चालणारे, माणसासारखे न दिसणारे कुणी फिरायचे; ठेंगणे, जाड भुवयांचे, हातात बदामी दगड घेतलेले. त्यांच्यात एक आई होती. तिचं लेकरू एका दुपारी हलेनासं झालं. तिने त्याला छातीशी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पाठीवर थोपटलं. नाकात फुंकलं. तिला शब्द नव्हते. म्हणून तिला मृत्यू म्हणता आलं नाही, आणि नियतीही म्हणता आलं नाही. ती नुसती बसून राहिली.

टोळी पुढे निघाली. टोळी थांबत नसते. गवतात तरसं वास घेत होती. ती एक दिवस बसली, दुसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत बसली. मग तिचं पोट कुरकुरलं. तिने लेकराला गोट्यांच्या खळग्यात ठेवलं, वर चार गोटे रचले, आणि ती उठली, आणि टोळीच्या वासामागे चालू लागली, आणि तिने मागे वळून पाहिलं की नाही हे कुठल्याही थरात उमटत नाही.

हेच लेकरू धारप तीस वर्षं शोधत होते. ते त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतं. पण त्यांना ते मिळालं होतं ना! मिळालेल्या माणसाला कुदळ जड होते. आणखी खणावं आणि काहीतरी विपरीत निघावं, या भीतीने त्यांनी त्याच दिवशी खड्ड्यातलं काम थांबवलं. त्या वीतभर मातीला कुंचला लागला नाही.

जबडा तपासणीला गेला. जाण्याआधी धारपांनी त्याची प्लास्टरची नक्कल करून घेतली. दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेने लिहिलं, वय काढायचं तर हाड दळावं लागेल, आणि नमुना इतका लहान आहे की सगळाच लागेल, संमती हवी. धारपांनी एक दिवस विचार केला. आकार तर प्लास्टरमध्ये होताच. वय हवं होतं. दोन लाख हा आकडा एकदा छापून आला की परिषदांतलं हसणं कायमचं मिटणार होतं. त्यांनी सही केली. सही सुंदर होती त्यांची, किंचित उजवीकडे झुकणारी.

वैशाखात उत्तर आलं. शिंदीच्या फाटक्या सावलीत बसून त्यांनी ते वाचलं. एका ओळीचं उत्तर होतं. नमुना अर्वाचीन आहे, फार तर दहा वर्षांचा. चाचणीत संपूर्ण संपला.

ऊन तेव्हा पायरीवर उतरलं होतं. धारपांनी कागद दुमडला, उलगडला, दुमडला. त्यांना हनुवटी आठवली. काळ्या मातीचा पट्टा आठवला. गोट्यांवर दोनदा वाजलेला मणी आठवला. आणि मग त्यांना कळलं की आपल्याला हे तेव्हाच माहीत होतं, त्या पापणीएवढ्या क्षणात. आणि हे कळणं त्यांच्या अंगात वैशाखासारखं उतरत गेलं, थरामागून थर, अगदी तळापर्यंत.

परवाना परत मागवला गेला. वर्तमानपत्राने पुन्हा छापलं; या वेळी आत, लहान अक्षरांत, एका विनोदासह. खड्डा बुजवून जागा मोकळी करायची होती. उत्खननाची ती रीतच असते. उघडलेली जमीन मिटून द्यायची.

बुजवायच्या दिवशी सकाळी हौसा तंबूपाशी आली. उंबऱ्याच्या आत थांबतात तशी बाहेर थांबली.

"द्या आता," ती म्हणाली.

"काय?"

"माझी."

धारपांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडलेल्या थरासारखा दिसत होता. "नाही राहिली, हौसा. तपासायला दळावी लागली."

"दळली?"

वर गावात कुणाच्या तरी घरी गिरणीचा पट्टा फिरत होता. त्याचा आवाज कड्यावरून उतरत होता. हौसाने तो ऐकला. पूर्ण ऐकून घेतला.

"मग पीठ द्या."

"पीठही जाळतात. काही उरत नाही." त्यांनी घाईने पेटी उघडली, कापसातून प्लास्टरचा जबडा काढला, पांढराशुभ्र, नेमका, कोंबासकट. "हे घे. अगदी तसंच आहे. केसाचाही फरक नाही."

हौसाने तो घेतला आणि, सवयच ती, जिभेला लावला. प्लास्टर चिकटलं. प्लास्टरही चिकटतं. पण त्याला चुन्याची चव होती, आणि चुन्याच्या मागे काहीच नव्हतं.

"आळणी हाय," ती म्हणाली, आणि तो परत मेजावर ठेवला. "हे तुमचं."

ती वळली तेव्हा मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, विनवणीसारखा. "तू त्या दिवशी खारट म्हणाली होतीस. हो ना? सांगितलं होतंस तू."

"तुम्ही चिकटतं का, तेवढंच इचारलं."

पायरीवर घमेली चालू झाली होती. मातीचा ट्रॅक्टर कड्यावर येऊन उभा होता. हौसा खड्ड्यात उतरली. जिथे जबडा होता तिथे बसली. कमरेची खुरपी काढली. पदराच्या गाठीत मीठ होतं. नऊ वर्षांपूर्वी मोजलं होतं तेवढंच, ओंजळभर. ठेवायला काही उरलं नव्हतं. तरी जागा होती. जागेला मीठ द्यावं, एवढंच तिने ठरवलं होतं.

तिने खुरपी मारली. काळी माती संपली. खाली गोट्यांचा थर लागला; झिरपलेल्या पाण्याने तो इथे ठिसूळ झाला होता. खुरपीचं टोक खरखरलं. एक गोटा निघाला. मग दुसरा. तिसरा. चौथा. चार गोटे एकमेकांवर टेकवून ठेवल्यासारखे होते. नदी असे ठेवत नाही, नदी लोटून देते. हौसाने बोटांनी वाळू दूर केली.

वाळूत एक वाटी होती. अर्ध्या नारळाच्या करवंटीएवढी, लोखंडी रंगाची, दगडाहून जड. कडेला भुवईचा नुकता जाड होऊ लागलेला काठ. आणि तिच्या बाजूला, तांदळाच्या चार दाण्यांसारखे, चार दूधदात.

तिने तिथेच वाकून जीभ लावली.

ते चिकटलं. असं चिकटलं की जीभ सोडवेना. दोन लाख पावसाळ्यांनंतरही न भागलेली तहान होती ती, कुणाच्या तरी ओलाव्याला बिलगणारी. हौसा थांबली. चव येण्याची वाट पाहिली. जिभेच्या टोकावर, कडांवर, घशाशी. चव आली नाही.

आळणी. कुणी मीठ दिलं नव्हतं.

हौसाला सगळं कळलं. आठ वर्षं कुणी उगीच माती चाटत नाही. तिने मान वर केली. खड्ड्याच्या काठावर, एका हाकेच्या अंतरावर, धारप उभे होते. पाठमोरे, खांदे उतरलेले, हातातला कागद दुमडत, उलगडत. एक हाक. साहेब, इकडे या. धावत या. एवढ्यावर त्या वाकलेल्या पाठीचा कणा पुन्हा ताठ झाला असता. परिषदा गप्प झाल्या असत्या. उरलेलं आयुष्य त्यांना झोप लागली असती.

तिने तोंड उघडलं. जिभेवर दोन लाख वर्षं होती.

मग तिने तोंड मिटलं.

काळी मखमल तिला दिसली. कोट दिसला. वाफाळत्या घुगऱ्या दिसल्या. गिरणीचा पट्टा वर अजून फिरत होता.

ती त्या वाटीवर वाकली. आत्या वाकते तशी, कान असावा त्या बाजूला.

"तुझं नाव," ती हळूच म्हणाली, "त्यानं माझ्या लेकीला दिलं व्हतं. घे बया. तुझं तू घे."

आणि मग, आणखी हळू, तिने दुसरंही एक नाव घेतलं. नऊ वर्षं कुणालाच न सांगितलेलं. ते वाटीसाठी नव्हतं. वाटीशेजारच्या रिकाम्या मातीसाठी होतं.

तिने पदराची गाठ सोडली. ओंजळीतलं मीठ दोन वाटे करून टाकलं. एक वाटा त्या लोखंडी कपाळावर. एक वाटा शेजारी, जिथे काही नव्हतं तिथे. मग चार गोटे होते तसे ठेवले. वाळू लोटली. काळी माती लोटली. तळवा फिरवून वर सारखं केलं, भाकरी थापावी तसं.

"हौसे, झोपलीस का काय खाली?" गेनबा ओरडला. "चल वर. ट्रॅक्टर खाली सोडायचाय."

ती वर आली. हात झाडले. पारूने बाजूला सरकून जागा दिली.

ट्रॅक्टरने माती ओतली. एक खेप, दुसरी खेप, तिसरी. खड्डा कमरेपर्यंत भरला, छातीपर्यंत भरला, काठाला आला. शेवटचं घमेलं साहेबांनी टाकायचं, अशी रीत होती. हंगाम संपताना ते दरवर्षी टाकत. गेनबाने भरलेलं घमेलं त्यांच्या हातात दिलं. बाया काठाशी उभ्या राहिल्या. त्यांच्यात हौसाही होती, लांब मानेची, डोळे कोरडे, जिभेने ओठ पुसत.

धारपांनी घमेलं उपडं केलं. माती पडली. ते खाली वाकले आणि आपल्याच तळव्याने त्यांनी ती दाबली. एकदा, दोनदा, प्रेमाने, घट्ट.

ऊन तेव्हा कड्यावरून उतरत होतं. पिवळ्या थरावरून, राखी थरावरून, हळूहळू कमरेशी आलं. नव्या मातीवर येऊन टेकलं. मातीखाली मीठ होतं, मिठाखाली कपाळ होतं, कपाळाखाली दगड झालेली रात्र होती. तिथवर ऊन गेलं नाही. खाली बारीक झालेली तांबणी वाहत होती, निष्पाप, मंद, एका तांबड्या मण्यावरून.